तो रडला नाही म्हणून

मयताच्या घरी कोण किती रडले, याचा हिशेब ठेवणारी एक तरी बाई आपल्याकडे प्रत्येक आळीत असते. आमचे थोरले काका गेले तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. काकांना अंगणात ठेवलेले, माणसांनी ओटी भरून गेलेली, आणि माझी थोरली काकू स्वयंपाकघरात चुलीपुढे बसून आल्यागेल्याचा चहा करीत होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हते. मध्येच तिने मला हाक मारून साखरेचा डबा खाली काढून घेतला आणि ‘कपबशा मोजून ने’ असे बजावले. त्या दिवसाविषयी आमच्या गावात पुढे दहा वर्षे बोलले जात होते. ‘नवरा अंगणात, आणि बाई साखर मोजत होती!’ काकूच्या मनात काय चालले होते ते कोणी तिला विचारले नाही. विचारायची गरजच कोणाला वाटली नाही. तिचा चेहरा सगळ्यांनी पाहिला होता ना!

काकूवर कोणी खटला भरला नाही, हे तिचे भाग्य. रॉबर्ट रॉबर्सन नावाच्या माणसाला ते भाग्य लाभले नाही. त्याची हकीकत मी पहिल्यांदा वाचली ती २०२४ च्या ऑक्टोबरात. नवरात्र नुकतेच आटोपले होते, सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर होता, आणि तपासण्याचा कंटाळा आला म्हणून मी वर्तमानपत्र उघडले. उत्तरपत्रिका त्या दिवशी तशाच राहिल्या.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात पॅलेस्टाईन नावाचे एक लहानसे गाव आहे. आपण बातम्यांत ऐकतो त्या पॅलेस्टाईनशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. २००२ सालच्या जानेवारीची ३१ तारीख. पस्तिशीतला एक माणूस आपल्या दोन वर्षांच्या मुलीला, निक्कीला, घेऊन तिथल्या इस्पितळात आला. मुलगी निळी पडली होती, शुद्धीवर नव्हती. ‘रात्री पलंगावरून पडली, मी उठून पाहिले, पुन्हा झोपवली, आणि सकाळी जागा झालो तर ही अशी,’ असे त्याने सांगितले. तिला डॅलसच्या मोठ्या इस्पितळात हलविण्यात आले. दुसऱ्या दिवशी ती गेली.

बाप आपल्या मेलेल्या-मरणाऱ्या लेकीविषयी बोलताना कसा बोलेल, हे इस्पितळातल्या परिचारिकांना ठाऊक होते. निदान त्यांना तसे वाटत होते. हा माणूस तसा बोलत नव्हता. आवाज सपाट. चेहरा कोरा. पोलिसांच्या डिटेक्टिव्हबरोबर तो घर दाखवायला गेला, तेव्हा त्याने स्वतःसाठी सँडविच करून खाल्ले. ते सँडविच पुढे वीस वर्षे त्याचा पाठलाग करीत राहिले. मला वाचताना काकूचा साखरेचा डबा आठवला.

शवविच्छेदन होण्याआधीच तो आरोपी झाला होता. डॉक्टरांनी मुलीच्या डोक्यात तीन गोष्टी पाहिल्या: मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव, मेंदूला सूज, आणि डोळ्यांच्या पडद्यामागे रक्त. या तीन खुणा एकत्र दिसल्या की लेकराला कोणीतरी गदागदा हलविले असले पाहिजे, आणि शेवटी ज्याच्या हाती ते होते त्यानेच हलविले असले पाहिजे, असे त्या काळच्या वैद्यकाचे गणित होते. त्याला नावही होते, ‘शेकन बेबी सिंड्रोम’. एकदा हे नाव उच्चारले की पुढचा तपास संपलाच म्हणायचा. साक्षीदार नको, हत्यार नको, हेतू नको. लहानग्याच्या डोक्यातच गुन्हा, गुन्हेगार आणि वेळ, तिन्ही लिहिलेले!

या गणिताचा उगम मोठा विलक्षण आहे. १९७१ साली नॉर्मन गुथकेल्च या इंग्रज मेंदूशल्यविशारदाने एक छोटा लेख लिहिला. काही बाळांच्या डोक्यात रक्तस्राव सापडे आणि बाहेर तर जखमेची खूण नसे. त्याने तर्क केला की रडणाऱ्या पोराला गप्प करण्यासाठी हलविणे हे त्याचे कारण असू शकेल. हेतू चांगला होता. आईबापांना सावध करावे, एवढाच. पण तर्काचा सिद्धान्त झाला, सिद्धान्ताचा पुरावा झाला, आणि पुराव्याने माणसे तुरुंगात गेली. खुद्द गुथकेल्च म्हातारपणी हे पाहून अस्वस्थ झाला, आणि आपल्या कल्पनेचा असा उपयोग होऊ नये म्हणून बोलू लागला. २०१६ साली तो वारला. विस्कॉन्सिन राज्यात ऑड्री एडमंड्स नावाच्या, मुले सांभाळणाऱ्या एका बाईची शिक्षा याच कारणास्तव २००८ साली वरच्या न्यायालयाने रद्द केली. तोवर तिची कितीतरी वर्षे गजाआड गेली होती.

आता निक्कीचे पाहा. पोर जन्मापासून दुखणाईत. कान सारखे फुटायचे, मध्येच श्वास अडकायचा. मरणाच्या आधीच्या आठवड्यात उलट्या, जुलाब, खोकला. बाप तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला होता आणि तिथे ताप भरला साडेएकशेचार. तिला दोन औषधे देण्यात आली, प्रोमेथाझीन आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध. दोन्हींनी श्वास मंदावू शकतो. २०१७ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने बारा वर्षांखालच्या मुलांना खोकल्यासाठी कोडीन देऊ नये असे बजावले. २००२ मध्ये ते बजावणे नव्हते. डॉक्टरांनी त्या काळच्या रीतीने दिले, बापाने विश्वासाने पाजले. पुढे बचावाच्या तज्ज्ञांनी तिच्या फुप्फुसाचे जपून ठेवलेले नमुने तपासले, तेव्हा त्यांच्या मते तिथे जबरदस्त न्यूमोनिया होता. पण ही पुढची गोष्ट झाली.

२००३ च्या फेब्रुवारीत खटला उभा राहिला. आणि इथे मला थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त राग तिचा आला. रॉबर्सनच्या स्वतःच्या वकिलांनी कोर्टात मान्य करून टाकले की मूल हलविल्यामुळेच मेले. ‘पण मारण्याचा हेतू नव्हता,’ एवढाच त्यांचा बचाव! अशील म्हणत होता, मी काहीच केले नाही. आणि त्याचा वकील ज्यूरीला सांगत होता, याने केले खरे, पण मुद्दाम नाही. माणूस आणखी किती एकटा पडू शकतो? त्यात मुलीशी गैरवर्तन केल्याचा एक घाणेरडा आरोपही ज्यूरीच्या कानांवर घालण्यात आला आणि मग सरकार पक्षानेच तो मागे घेतला. मागे घेतलेला आरोप कानांतून मागे कसा घेणार?

परिचारिकांनी साक्षी दिल्या. बापाला दुःख झालेले दिसले नाही, असे त्यांनी सांगितले. ज्यूरीने त्याच्याकडे पाहिले. तो आरोपीच्या जागी तसाच बसला होता. सपाट, कोरा. शिक्षा झाली मृत्यूची.

आमच्या वरच्या मजल्यावर एक वयस्कर वकील राहतात. फौजदारी कामात उभा जन्म गेला. मी त्यांना हे सांगितले, तेव्हा ते हसले नाहीत की हळहळलेही नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, “बाई, त्यात अमेरिकेचं काय एवढं? आपल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २८० वं कलम होतं. साक्षीदार साक्ष देताना कसा वागला, यावर न्यायाधीशाला शेरा लिहून ठेवायची मुभा. चेहरा वाचणं हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवसापासून शिकवतात.”

“आणि चेहरा खोटा निघाला तर?”

“चेहरा खोटा नसतो हो. आपलं वाचणं खोटं असतं. नानावटीचा खटला विसरलात?”

मी विसरले नव्हते. मराठी माणसाला तो विसरता येणे शक्य नाही. १९५९ साली मुंबईत कमांडर नानावटी ज्यूरीपुढे उभा राहिला तो आरमाराच्या पांढऱ्याशुभ्र गणवेशात, छातीवर पदके लावून. त्याने प्रेम आहुजावर गोळ्या झाडल्या होत्या, पोलिसांकडे आपण होऊन हजर झाला होता. आणि तरीही ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवले. न्यायाधीशांनी तो कौल मानला नाही, उच्च न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ते कायम केले. आपल्याकडची ज्यूरीपद्धत पुढे मोडीत निघाली. एका चेहऱ्याने खून केलेल्या माणसाला सोडविले. दुसऱ्या चेहऱ्याने, न केलेल्याला, अडकविले. वकीलसाहेब म्हणाले ते खरे. फरक इतकाच की नानावटीला आपला चेहरा वापरता येत होता आणि रॉबर्सनला येत नव्हता.

का येत नव्हता, हे कळायला पंधरा वर्षे जावी लागली.

२०१६ मध्ये रॉबर्सनच्या मृत्युदंडाची तारीख ठरली: २१ जून. त्याच वर्षी ग्रेचेन स्वीन नावाच्या वकीलबाईंनी हे काम हाती घेतले. टेक्सासमध्ये २०१३ साली एक वेगळा कायदा झाला होता. ज्या शास्त्राच्या आधारे शिक्षा झाली ते शास्त्रच पुढे खोटे किंवा कच्चे ठरले, तर कैद्याला पुन्हा न्यायालयाकडे दाद मागता यावी, असा. तिथे लोक त्याला ‘जंक सायन्स’चा, म्हणजे भंगार शास्त्राविरुद्धचा, कायदा म्हणतात. स्वीनबाईंनी त्याचा आधार घेतला, आणि फौजदारी अपिलांच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ जूनला शिक्षा थांबविली. पाच दिवस उरले होते.

मग सुरू झाले ते खरे वकिली काम. कोर्टात मुठी आपटण्याचे नव्हे, कागद शोधण्याचे. २०१८ साली सुनावणीच्या वेळीच न्यायालयाच्या तळघरात निक्कीच्या डोक्याची हरवलेली सीटी स्कॅनची छायाचित्रे सापडली. पॅलेस्टाईनच्या इस्पितळात पहिल्या दिवशी घेतलेली ती छायाचित्रे पंधरा वर्षे अंधारात पडून होती! बचावाच्या तज्ज्ञांनी ती पाहून सांगितले की डोक्याला मार लागला आहे तो एकाच जागी. पलंगावरून पडल्यावर लागावा तसा. सुनावणी थांबली, पुढे महामारी आली, आणि ती पुरी व्हायला २०२१ उजाडले.

त्याच २०१८ मध्ये रॉबर्सनची तपासणी झाली आणि निदान झाले: ऑटिझम.

आपण मराठीत याला स्वमग्नता म्हणतो. शब्द चांगला घडवलेला आहे, पण भाषेची शिक्षिका म्हणून माझे त्याच्याशी भांडण आहे. मूळ शब्दात ग्रीक भाषेतला ‘स्वतः’ आहे हे खरे. ब्लॉयलर नावाच्या स्विस मनोवैद्याने तो १९११ च्या सुमारास वेगळ्याच आजारासाठी घडविला. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनरने अकरा मुलांची निरीक्षणे छापली आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स आस्परगरने आपली. तेव्हापासून तो शब्द आजच्या अर्थाने रुळला. पण ‘मग्न’ या शब्दाला मराठीत केवढा सुखाचा वास आहे! भजनात मग्न, वाचनात मग्न, आपल्याच आनंदात मग्न. स्वमग्न म्हटले की आपल्याला वाटते, याला बाहेरचे काही लागतच नाही. मी जे वाचले आणि पाहिले त्यावरून सांगते, नेमके उलटे असू शकते. आत कल्लोळ असतो. पण आतून चेहऱ्यापर्यंत येणारी जी वाट तुमच्याआमच्यात आपोआप बांधलेली असते, ती तिथे तशी नसते. नजरेला नजर देणे, योग्य जागी हुंदका देणे, आवाज कापरा होणे, हे सारे आपण न शिकता करतो. त्यांना ते होत नाही. कठीण प्रसंगी उलट ठरलेल्या, रोजच्या, हाताला सवयीच्या गोष्टीकडे ते वळतात. एखादे सँडविच करावे, तसे.

म्हणजे इस्पितळातल्या परिचारिका खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांनी पाहिले ते खरेच पाहिले. ‘तो रडला नाही,’ हे वाक्य अक्षरशः खरे होते.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ती सांगायची की नाही, यावर चार दिवस घालवले.

बारा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. शेवटून दुसऱ्या बाकावर, खिडकीजवळ, नेहमी त्याच जागी. मी शिकवत असताना तो माझ्याकडे कधी पाहत नसे. छताच्या पंख्याकडे पाही. मी ते मनात धरले होते, हे कबूल करते. सत्राच्या अखेरीस घेतलेल्या चाचणीत त्याचा पेपर माझ्या हाती आला आणि मी चपापले. उत्तर माझ्या व्याख्यानाबरहुकूम होते. नुसते मुद्दे नव्हेत, वाक्ये. मध्येच मी विषय सोडून ‘आज बस उशिरा आली म्हणून घाई आहे’ असे काही म्हटले असेन, तेही त्यात! मला वाटले, कोणीतरी तास ध्वनिमुद्रित केला, उतरवून घेतला, आणि याने तो कागद पेपराखाली ठेवून नक्कल केली.

त्याला बोलावले. विचारले, “कॉपी केलीस?”

तो पंख्याकडे पाहत म्हणाला, “कुठून?”

तो प्रश्न होता. खराखुरा, सरळ प्रश्न. त्याला माहिती हवी होती. मला तो उद्धटपणा वाटला. मी आवाज चढवला. तो तसाच उभा. भ्यालेला दिसेना, ओशाळलेला दिसेना, रडेना. ‘कर नाही त्याला डर कशाला’ अशी आपल्याकडे म्हण आहे; पण त्या दिवशी त्याला डर नाही हाच मी त्याच्या गुन्ह्याचा पुरावा धरला. मी त्याला शून्य गुण दिले आणि शेरा लिहिला.

दोन दिवसांनी त्याची आई आली. साधी बाई, हातात कापडी पिशवी. म्हणाली, “बाई, तो खोटं बोलत नाही हो. त्याला येतच नाही ते.” सगळ्याच आया असे म्हणतात. मी तिला असे काही उत्तर दिले की ते इथे लिहिण्याची मला लाज वाटते. पुढच्या वर्षी मुलगा आमच्या महाविद्यालयात नव्हता. नंतर कधीतरी मानसशास्त्राच्या एका सहकारी बाईंशी बोलताना सहज त्याचा विषय निघाला, आणि त्यांनी मला दोन-चार प्रश्न विचारले: नेहमी एकाच जागी बसायचा का, ऐकलेले जसेच्या तसे म्हणायचा का, प्रश्नाला प्रश्नासारखेच घ्यायचा का. प्रत्येक प्रश्नाला मी हो म्हणत गेले आणि माझा आवाज लहान होत गेला.

आपल्याकडे १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात ती आली, आणि २०१६ च्या कायद्यात जे एकवीस प्रकार मोजले त्यांतही. म्हणजे तो माझ्या वर्गात होता तेव्हा अज्ञानाची सबब मला फारशी नव्हतीच. असो.

स्वीनबाईंकडे परत येते. निदान हाती आले, छायाचित्रे हाती आली, तज्ज्ञ उभे राहिले. तरी खालच्या न्यायालयाने शिफारस केली ती शिक्षा कायम ठेवण्याची, आणि वरच्या न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत ती मानली. सरकार पक्षाचे म्हणणे असे की हा खटला केवळ हलविण्याचा नव्हताच, मुलीला मारहाण झाल्याचा पुरावाही होता. मुलीच्या काही नातेवाइकांचीही तीच श्रद्धा आहे. रॉबर्सन काही संत नव्हता. घरफोडीसाठी तो पूर्वी तुरुंगात जाऊन आलेला होता. हे सारे वाचकांपुढे ठेवणे माझे काम आहे. माझे मत विचाराल तर, आजारी मुलीला डॉक्टरांकडे नेणारा, तिने पडल्याचे सांगणारा आणि वीस वर्षे तेच सांगत राहिलेला हा माणूस निर्दोष आहे असे मला वाटते.

असे वाटणारी मी एकटी नाही, आणि त्यांतला एक माणूस तर असा आहे की त्याच्याविषयी वाचताना माझे डोळे भरून आले. तो म्हणजे ब्रायन व्हार्टन. २००२ साली रॉबर्सनला पकडणारा मुख्य डिटेक्टिव्ह हाच. सँडविच करताना त्याने पाहिले होते. कोर्टात त्याच्याविरुद्ध साक्ष दिली ती यानेच. पुढे त्याने पोलिसांची नोकरी सोडली आणि मेथडिस्ट पंथाचा पाद्री झाला. पण त्याच्या मनातून ते प्रकरण गेले नाही. स्वीनबाई त्याच्याकडे गेल्या तेव्हा त्याने दार लावून घेतले नाही. त्याने जाहीर सांगितले की आपण चुकलो, हा माणूस निर्दोष आहे. तुरुंगात जाऊन, काचेपलीकडे बसलेल्या रॉबर्सनची त्याने क्षमा मागितली. ती मिळालीही. मला तेवढे धैर्य बारा वर्षांत झाले नव्हते, आणि मला तर कोणत्या तुरुंगातही जायचे नव्हते.

१७ ऑक्टोबर २०२४. संध्याकाळी सहाला विषारी इंजेक्शन द्यायचे ठरलेले. आठच दिवस आधी, ९ ऑक्टोबरला, त्याच अपील न्यायालयाने अँड्र्यू रोआर्क नावाच्या माणसाची अशाच प्रकरणातली पस्तीस वर्षांची शिक्षा रद्द केली होती. शास्त्र बदलले आहे, हे कारण देऊन! दोन्ही खटल्यांत साक्ष देणारी डॉक्टरही एकच. एकाला घरी पाठवायचे आणि दुसऱ्याला सुईखाली, हे टेक्सासच्या आमदारांनाही पटले नाही. दीडशे आमदारांच्या सभागृहात दोन्ही पक्षांच्या शहाऐंशी जणांनी दयेसाठी सह्या केल्या होत्या. दयेचा अर्ज फेटाळला गेला. आता उरले काय? तेव्हा विधिमंडळाच्या एका समितीने अशी युक्ती काढली की वाचून मी थक्क झाले. त्यांनी रॉबर्सनलाच साक्षीचे समन्स काढले. २१ तारखेला आमच्यापुढे हजर हो! सतरा तारखेला मेलेला माणूस एकवीसला हजर कसा होणार? सबब, सतराला त्याला मारता येणार नाही. न्यायालयांची धावपळ सुरू झाली. एकाने थांबविले, दुसऱ्याने पाच विरुद्ध चार मतांनी ते उठविले, आणि रॉबर्सन हंट्सव्हिलच्या तुरुंगात वधखोलीशेजारी वाट पाहत बसला. रात्री दहाच्या सुमारास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने थांबण्याचा हुकूम दिला. त्याने देवाचे आभार मानले असे तुरुंगाधिकाऱ्यांनी बाहेर येऊन सांगितले. त्याचा चेहरा कसा होता, ते त्यांनी सांगितले नाही, बरेच केले.

समितीपुढे त्याला प्रत्यक्ष आणले गेले नाही. पडद्यावरून साक्ष द्यावी, असे सरकारी बाजूने सुचविले. आमदारांनी ते नाकारले. असा माणूस, वीस वर्षे कोठडीत, नवी यंत्रे न पाहिलेला, पडद्यावरून पुन्हा तसाच कोरा दिसेल, आणि पुन्हा तेच होईल! २००३ मध्ये ज्या गोष्टीचा कोणी विचारही केला नव्हता, ती आता आमदार बोलून दाखवीत होते. त्याच बैठकीत जुन्या ज्यूरीतली एक बाई उठून म्हणाली की तेव्हा हे सारे आम्हाला सांगितले असते तर मी दोषी म्हटले नसते.

तरी गोष्ट संपली नाही. समन्सने मृत्युदंड अडविता येणार नाही, असा निर्णय नोव्हेंबरात झाला, आणि २०२५ मध्ये नवी तारीख पडली: १६ ऑक्टोबर. स्वीनबाई पुन्हा कागद घेऊन उभ्या. सात दिवस उरले असताना, ९ ऑक्टोबरला, म्हणजे रोआर्क सुटल्याच्या बरोबर वर्षाने, त्याच तारखेला, अपील न्यायालयाने शिक्षा थांबविली आणि रोआर्कच्या निकालाच्या उजेडात पुन्हा पाहावे म्हणून प्रकरण खाली पाठविले. सुटका नव्हे; पण मरणही नव्हे. तिसऱ्यांदा.

ही बातमी वाचली त्या आठवड्यात दिवाळीची सुट्टी लागायची होती. मी एका सार्वजनिक वाचनालयात एक जुना अंक पाहायला गेले होते. देवघेवीच्या टेबलाशी पुस्तके लावणारा तरुण ओळखीचा वाटला. तो माझ्याकडे पाहत नव्हता. माझ्या खांद्यावरून मागच्या घड्याळाकडे पाहत होता. मी नाव सांगितले. तो म्हणाला, “माहीत आहे. खोली क्रमांक चौदा.”

मी आजूबाजूला कोण आहे ते पाहिले नाही. तिथेच उभ्या उभ्या त्याला म्हटले, “त्या वेळी मी चुकले. तू कॉपी केली नव्हतीस. मी तुला शून्य दिलं, ते चूक होतं.”

त्याने हातातले पुस्तक जागेवर ठेवले, पाठ सरळ केली.

“शून्य नव्हतं, बाई,” तो म्हणाला. “वीसपैकी दोन होते. अक्षराचे.”

आणि त्याने पुढचे पुस्तक उचलले.